९ जीबी रॅम मोकळी, तरी ओओएम किलर पोस्टग्रेस मारतो

फोंडेकर:
फोंड्यात एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. १६ जीबी रॅम, ३२ बिटचं सेंटॉस ५ (लिनक्स), पीएई कर्नल, म्हणजे ३२ बिटवरही ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरणारा सिस्टमचा गाभा. चालतंय म्हणून इतकी वर्षं कुणी हात लावला नाही. या आठवड्यात तीनदा पहाटे पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, पडला. लॉगमध्ये ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग), आणि त्याच ओळींखाली हायमेम, म्हणजे वरची रॅम, ९ जीबी मोकळी! रॅमच्या पट्ट्या काढून पुसल्या, मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. चवथ तोंडावर आली. ठेव काढायला आलेल्या माणसांना परत पाठवताना जीव तुटतो.

म्हापसा_०७:
स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) वाढवून बघा.

मडगावचा_जुना:
स्वॅपने भागणार नाही, कर्नलची स्वतःची मेमरी स्वॅपमध्ये जातच नाही. ३२ बिटमध्ये कर्नलला थेट वापरता येते ती पहिली ८९६ एमबीच, म्हणजे लोमेम. ती संपली की हायमेम मोकळी असूनही ओओएम किलर धावतो. रॅम जितकी जास्त, तितकी तीही आटते: दर ४ केबी पानामागे ३२ बाइटची नोंद, म्हणजे तुमच्या १६ जीबीसाठी १२८ एमबी तिथेच गेली. मेमइन्फोमध्ये लोफ्री, म्हणजे मोकळी लोमेम, बघा. आणि पहाटे काय चालतं तुमच्याकडे?

फोंडेकर:
लोफ्री १४ एमबी! पहाटे दोनला आरसिंकने बॅकअप. सह्यांचे नि कागदपत्रांचे स्कॅन, साधारण आठ लाख फायली.

मडगावचा_जुना:
मग तेच. आरसिंक प्रत्येक फाइल तपासतो, तिचा आयनोड (फाइलच्या माहितीची नोंद) नि डेंट्री (नावाची नोंद) लोमेममध्ये साठत जातात. एक्स्ट३ या तुमच्या फाइलसिस्टमचा आयनोड अर्धा केबी धरला तरी आठ लाखांचे ४०० एमबी. कर्नलची मेमरी कशात जाते ते दाखवणारा स्लॅबटॉप लावून जागे राहा, वर एक्स्ट३_आयनोड_कॅश दिसेल. तूर्तास व्हीएफएस_कॅश_प्रेशर १०० वरून १००० करा, म्हणजे कर्नल या नोंदी लवकर सोडेल; बॅकअप वर्षवार फोल्डरांत तोडा, प्रत्येक तुकड्यानंतर ड्रॉप_कॅशेसमध्ये २ लिहा, साठलेल्या नोंदी मोकळ्या होतील. पण हे चवथीपुरतंच. सीपीयूइन्फोच्या फ्लॅग्जमध्ये 'एलएम' असेल तर यंत्र ६४ बिटचं आहे, त्यावर ६४ बिटची सिस्टम टाकली की ही लोमेमची भिंतच नाही. सेंटॉस ५ ला तर मार्च २०१७ नंतर दुरुस्त्याही नाहीत. एक मात्र सांभाळा: ३२ बिट पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर उचलून ६४ बिटवर चालत नाही. पीजी_डंपने डेटाबेसची प्रत काढा नि दुसऱ्या यंत्रावर चढवून खात्याखात्याची शिल्लक जुळवा. लोकांचा पैसा आहे तो.

फोंडेकर:
काल रात्री जागलो. लोफ्री २१० एमबीच्या खाली गेली नाही, सकाळी काउंटर वेळेवर उघडला. 'एलएम' आहे. चवथ झाली की पहिल्या रविवारी डंप चढवतो, शिल्लक जुळवायला हिशेबनीस बाई बसणार आहेत. मनापासून आभार, दादा.