स्ले द स्पायर: पॉयझन हळू मारतं, हे मला मान्य नाही

मांडवीपलीकडचा, पर्वरी

चवथीला आम्ही सगळे डिचोलीच्या मूळ घरी जमतो. यंदा दुसऱ्या दिवशी रात्री आरती आणि जेवणं आटोपल्यावर माटोळीसमोरच चटई टाकून लॅपटॉप उघडला आणि स्ले द स्पायरची अर्धवट राहिलेली रन (म्हणजे डाव) पुढे चालवली. दुसऱ्या अंकाचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, दोन खोल्यांवर आला होता. एक लढाई जिंकल्यावर तीन कार्डं समोर आली: पॉयझन वाढवणारं कॅटॅलिस्ट, सुऱ्या देणारं ब्लेड डान्स आणि एक आमच्या कामाचं नसलेलं. मी कॅटॅलिस्टकडे माउस नेला, तर मावसभावाने हात धरला. "पॉयझनने तो मरायच्या आधी आपण मरू." तेवढ्यात वीज गेली, लॅपटॉपची बॅटरीही संपत आली होती. रन अजून त्याच खोलीत थांबली आहे, म्हणून इथे विचारतोय.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी: पत्त्यांचा डेक घेऊन मनोरा चढायचा, मेलात की पुन्हा पहिल्यापासून. सायलेंट नावाच्या पात्राकडे पॉयझन लावणारी कार्डं असतात. शत्रूवर जितकं पॉयझन, तितके एचपी (जिवाचे गुण) त्याची पाळी सुरू होताच जातात आणि मग आकडा एकाने उतरतो. ५ लावलं तर ५, ४, ३, २, १, एकूण १५. त्याने कितीही ब्लॉक (वार अडवणारी ढाल) चढवला तरी पॉयझन ब्लॉकला विचारत नाही, थेट एचपी काढतं.

आता माझं म्हणणं. सगळे डेडली पॉयझनवरचा ५ हा आकडा वाचतात आणि म्हणतात, साधा स्ट्राइक ६ काढतो, मग हे कशाला? पण दर पाळीची ती एकाची घट ढिगाला लागते, कार्डाला नाही. शत्रूवर १० पॉयझन आहे आणि लढाई अजून सहा पाळ्या चालणार आहे असं धरा. काहीच केलं नाही तर १० पासून ५ पर्यंत मिळून ४५ जातील. त्यात आणखी ५ घाला, तर १५ पासून १० पर्यंत, म्हणजे ७५. त्या एका कार्डाने ३० काढले, एका एनर्जीत (कार्ड खेळायची किंमत). घट तर पहिल्या १० नेच सोसली होती, नंतरच्या पाचांना तिची झळच लागली नाही. म्हणून पॉयझन पसरू नका, एकाच्याच अंगावर रचा. दोघांवर पाच-पाच लावलंत तर सगळं मिळून ३०, एकावर दहा लावलंत तर ५५.

आणि कॅटॅलिस्ट. पॉयझनचा आकडा दुप्पट करतं, अपग्रेड केल्यावर तिप्पट. २० चे ४० झाले की एकूण मारा २१० वरून ८२० वर जातो, म्हणजे जवळजवळ चौपट. एवढा मारा एका एनर्जीत देणारं दुसरं कार्ड सायलेंटकडे असेल तर दाखवा.

डिचोलीकर

तो मावसभाऊ मीच.

दादा, तुझा हिशेब बरोबर आहे, पण तो शत्रूच्या बाजूचा आहे. आपल्या बाजूचा हिशेब कोण मांडणार? सायलेंट सुरू होते ७० एचपीवर. पॉयझन काम करत असताना समोरचा गप्प बसत नाही. "अजून सहा पाळ्या" म्हणायला सोपं आहे, पण त्या सहा पाळ्यांत ब्लॉकवर किती एनर्जी गेली ती पॉयझनच्याच खर्चात धरायला हवी. ब्लेड डान्स एका एनर्जीत तीन शिव्ह (छोट्या सुऱ्या) देतं, प्रत्येकी ४, म्हणजे १२ आत्ताच्या आत्ता. मेलेला शत्रू मारत नाही, हा सगळ्यात मोठा ब्लॉक.

शिवाय नकाशावर वर बॉस कोण दिसत होता ते तू लिहिलंच नाहीस. चॅम्प. ४२० एचपी. तो निम्म्याखाली गेला की एका पाळीत भडकतो, ताकद वाढवतो आणि अंगावरचं सगळं वाईट झटकून टाकतो. पॉयझनसकट. तुझे ८२० त्या पाळीला शून्य होणार. दुसरा अंक ओलांडून तिसऱ्यात गेलास तरी टाइम ईटर निम्म्याखाली गेल्यावर तेच करतो, वर एचपीही पुन्हा निम्म्यापर्यंत भरून घेतो. अवेकन्ड वन दुसऱ्यांदा उठतो तो धुतलेल्या अंगाने. हे तिन्ही बॉस मुद्दाम तसे बनवलेत.

फोंडा_पणजी_बस

डिचोलीकरांशी सहमत. मी हा खेळ मोबाइलवर येता-जाता कदंब बसमध्ये खेळतो आणि पहिल्या अंकात पॉयझनच्या नादाने ग्रेमलिन नॉब या शत्रूकडून किती वेळा मेलो याची गणती नाही. स्किल प्रकारचं कार्ड (हल्ल्याचं नव्हे) खेळलं की नॉबची ताकद वाढते, आणि डेडली पॉयझन स्किलच आहे. पॉयझन लावून त्यालाच बळ देत बसायचं. बाउन्सिंग फ्लास्क, तेही स्किल.

मांडवीपलीकडचा, पर्वरी

@फोंडा_पणजी_बस नॉब पहिल्या पाळीत नुसता ओरडतो. स्किलवर चिडणं त्या ओरडण्यानंतर सुरू होतं. म्हणजे पहिल्या पाळीत हातात असेल तेवढं पॉयझन लावून घ्यायचं आणि पुढे फक्त हल्ले. पॉयझन्ड स्टॅब घेतलंत तर ते हल्ल्याचं कार्ड आहे, त्यावर तो चिडतच नाही. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत डेडली पॉयझन खेळत असणार.

फोंडा_पणजी_बस

हो, तसंच करत होतो.

काजूबाग, वाळपई

मला या वादात एक गोष्ट खटकतेय. पॉयझन "हळू" की नाही यावर दोन्ही बाजू भांडताहेत आणि दोघांच्या मनात "हळू"चा अर्थ वेगळा आहे.

आमच्याकडे काजूच्या बिया भाजून फोडताना कवचातलं तेल हाताला लागतं. त्या वेळी काहीच होत नाही, माणूस काम करत राहतो. दुसऱ्या दिवशी कातडी काळी पडते, फोड येतात, आणि मग हात पाण्यात घातला तरी आग. माझ्या आजीच्या बोटांवर ते डाग कायम असायचे. खरं जे अंगात मुरतं ते असं, आधी काही नाही आणि मग वाढत जाणारं. या खेळातलं पॉयझन उलटं आहे. पहिल्याच पाळीला सगळ्यात जोरात लागतं आणि मग ओसरतं. ५ पॉयझनच्या एकूण १५ मधले १२ पहिल्या तीन पाळ्यांतच गेले. तेव्हा ते हळू नाहीच, डिचोलीकर. ते पुढे झुकलेलं आहे.

वाढत जाणारं हवं असेल तर नॉक्शस फ्यूम्स बघा. दर पाळीला सगळ्यांवर २ घालतं, घट १ ची. म्हणून २, ३, ४, ५, ६, ७ असं चढतं, सहा वेळा लागलं की प्रत्येक शत्रूचे २७ एचपी गेलेले असतात आणि तुम्ही दुसऱ्या पाळीपासून त्यावर काहीच खर्च केलेला नसतो. अपग्रेड केलं तर ३, ५, ७, ९. मला ते कार्ड फार आवडतं. ते टाकून निवांत ब्लॉक करत बसता येतं, आणि डिचोलीकरांना ब्लॉकचा जो खर्च दिसतो तो फ्यूम्सच्या डेकमध्ये खर्च राहत नाही, तेच खेळणं होतं.

डिचोलीकर

काजूबागताई, पहिल्या तीन पाळ्यांत १२ हे मान्य. पण माझ्या ब्लेड डान्सला त्या १२ साठी तीन पाळ्या लागत नाहीत.

आणि आर्टिफॅक्टबद्दल कोणीच बोललं नाही. आर्टिफॅक्ट म्हणजे पॉयझनसारखं वाईट अडवणारे थर; ते असलेल्या शत्रूवर लावलेलं पॉयझन एकेका थराला अडतं. तिसऱ्या अंकाच्या डोनू आणि डेका या बॉसजोडीत दोघांकडे ते असतं, दुसऱ्या अंकाच्या ब्राँझ ऑटोमॅटनकडे तीन असतात. तीन कार्डं नुसती साल काढण्यात गेली. सुरीला असलं काही आडवं येत नाही.

काजूबाग, वाळपई

सुरीला ब्लॉक आडवा येतो की. चॅम्प बचावाच्या पवित्र्यात गेला की ४-४ चे शिव्ह त्या ढालीवर मोडतात. मला ताई म्हटलंत ते चालेल.

जुना_खेळगडी, वास्को

मी तुमच्या दोघांपेक्षा वयाने बराच मोठा असेन. ज्या 'रोग' (Rogue) नावाच्या खेळावरून अशा खेळांना 'रोगलाइक' नाव पडलं तो १९८० चा, तो आणि नेटहॅक मी हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर खेळलोय. माझा आक्षेप वेगळा आहे. तुमचं हे पॉयझन मला विष वाटत नाही, कारण ते नेहमी दुसऱ्याच्या अंगावर असतं. नेटहॅकमध्ये कॉकाट्रिस नावाच्या राक्षसी प्राण्याच्या फुत्काराने माणूस हळूहळू दगड होऊ लागायचा. आधी हालचाल मंदावल्याची ओळ यायची, मग हातपाय ताठरल्याची, आणि हातात मोजक्या पाळ्या. पिशवीत सरड्याचं कलेवर असेल तर खाऊन वाचायचं, नाही तर संपलं. त्या ओळीने पोटात गोळा यायचा. काळाच्या ओघात होणाऱ्या इजेची खरी ताकद त्या भीतीत आहे, बेरजेत नाही.

मांडवीपलीकडचा, पर्वरी

@जुना_खेळगडी तुमचा मुद्दा पटतो, पण पूर्ण नाही. शत्रूवर ३० पॉयझन आहे, त्याचे एचपी २८ आहेत, आणि माझी पाळी संपवायचं बटण दाबायचं बाकी आहे. तो माझ्यावर ४० चा वार उगारून उभा आहे आणि मी एकही ब्लॉक घेतलेला नाही, कारण मला माहीत आहे की त्याची पाळी सुरू होताच पॉयझन आधी लागतं, वार नंतर. तो हात उचलायच्या आत पडतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझी बोटं थरथरत होती. ती भीतीच होती, फक्त ती मी ओढवून घेतलेली होती.

@डिचोलीकर, आता चॅम्पचं. भडकायचं तो पुढची चाल ठरवताना ठरवतो. पाळीच्या सुरुवातीला पॉयझनने निम्म्याखाली गेला, तरी त्या पाळीला आधी ठरलेलीच चाल खेळतो. मग आपल्याला दिसतं की आता तो भडकणार आहे. त्या पाळीत तो मारणार नसतो, म्हणजे आपल्याला एक पाळी ब्लॉक न घेता नुसते हल्ले करता येतात, आणि त्याची पाळी सुरू होताना पॉयझन पुन्हा एकदा लागतं, झटकण्याच्या आधी. म्हणजे मोठा ढीग दोनदा वसूल होतो. निम्म्याच्या जरासं वर असताना कॅटॅलिस्ट टाकायचं, आधी नाही.

डिचोलीकर

हे मला माहीत नव्हतं. बरं. घे कॅटॅलिस्ट. पण बॉसआधीच्या शेकोटीला विश्रांती न घेता ते अपग्रेड कर, आणि खेळताना मला फोन लाव.

मांडवीपलीकडचा, पर्वरी

खेळलो. शेकोटीला अपग्रेड केलं. चॅम्प २२८ वर असताना अंगावर २४ होतं, कॅटॅलिस्टने ७२ झालं. पहिल्या झटक्याला तो १५६ वर आला. भडकायच्या पाळीत मी हल्ल्यांनी ३० काढले, मग ७१ गेले, उरले ५५. तिथे त्याने सगळं झटकलं.

ते ५५ पॉयझनने गेले नाहीत. फ्यूम्सचं थोडं लागलं, बाकी सगळं डिचोलीकर फोनवरून सांगत होता तसं सुरीने काढलं, आणि शेवटी माझे ९ एचपी उरले. तिसऱ्या अंकाच्या नकाशावर वर टाइम ईटर दिसतोय. पुढच्या रविवारी मी डिचोलीला येतो, तिथेच उघडू.