'बोरिस गोदुनोव': 1869 आणि 1872ची तुलना, मदत हवी आहे

रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या, झार बोरिसवरच्या या ऑपेराची दोन मूळ रूपं समोरासमोर ठेवून टिपण करतो आहे. ढोबळ फरक स्पष्ट आहेत: 1869मध्ये सातच प्रवेश, पोलंडचा अंक नाही, 1872मध्ये तो अंक आणि क्रोमीच्या जंगलातला उठाव आला, मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चसमोरचा प्रवेश गेला. भोळ्या वेड्याकडून पोरं नाणं हिसकावतात तो प्रसंग आणि त्याचा विलाप तिथून क्रोमीत हलवला. म्हणून दोन्ही प्रवेश एकत्र सादर केले की तोच प्रसंग दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा त्याची धार जाते. माझ्या मते दोन्ही एकत्र घेऊच नयेत.

अडचण आहे ती राजवाड्यातल्या प्रवेशाची. तो जवळजवळ नव्याने लिहिलेला आहे. पोपटाचं गाणं, टाळ्यांचा खेळ, घड्याळ ही 1872ची भर. बोरिसचं मोठं स्वगतही बदललं. त्यामुळे संगीतातली मापं (बार) एकास एक जुळवत पुढे जाता येत नाही. दरबारी सरदार शुइस्कीचा उग्लिचचा (जिथे राजपुत्र दिमित्री मारला गेला) वृत्तांत दोन्हींत आहे, तो खूण धरून मागे-पुढे जुळवावं का? की संहितेच्या ओळी धराव्यात? इतिहास लिहिणाऱ्या पिमेन या साधूचा उग्लिचबद्दलचा वृत्तांत 1872मध्ये गाळल्याने शुइस्कीच्या शब्दांवर नाट्याचा किती भार पडतो, हेही मांडायचं आहे.

संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवने नंतर केलेली आवृत्ती आधाराला नको. त्याने वाद्ययोजनाच नव्हे, स्वरसंगतीही बदलली आहे. संगीतसंचालक गेर्गिएवचं दोन्ही रूपांचं ध्वनिमुद्रण आहे. लॉइड-जोन्स यांनी संपादित केलेल्या 1975च्या स्कोअरवर (संगीतलिपीवर) काम केलेल्यांनी कृपया पद्धत सांगावी.