गडगा फुगलाय: सिमेंटात बांधू की कोरडाच?

बागायत_गुहागर
उतारावरच्या कलमांच्या बागेला जुना जांभ्याचा गडगा आहे. चुना-माती काही नाही, नुसता दगडावर दगड. उंची साडेचार फूट, रुंदी बुडाशी 2 फूट, माथ्यावर सव्वा फूट. मधला 12 फुटांचा तुकडा खालच्या अंगाला फुगलाय. नेमक्या त्याच तुकड्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, पूर्वी सिमेंटने भरल्या होत्या. गवंडी म्हणतो, पाडा आणि सिमेंटात चिऱ्याची भिंत घाला. फाटकाचे दोन चिरेबंदी खांब चुन्यातले आहेत, त्यांच्याही दरजा गेल्यात.

कातळसडा
वरच्या अंगाला माती किती चढलीय?

बागायत_गुहागर
बुडापासून 2 फूट. पालापाचोळा, वाहून आलेली माती. एका टोकाला उंबरही रुजलाय.

कातळसडा
मग दोष गडग्याचा नाही. तो हद्दीसाठी घातलेला, आता माती अडवतोय. कोरड्या गडग्यातून पाणी पाझरून जातं. दरजा लिंपल्या की ते मागे तुंबतं, माती फुगते, आणि सगळा रेटा खालच्या तोंडावर येतो. सिमेंटची भिंत घातलीत तर तेच पाणी आणखी मोठी भिंत ढकलेल.

फुगवट्याच्या दोन्ही टोकांना 3-3 फूट जास्त, पायरी-पायरीने उतरवा. सरळ उभा काप घेतला तर नवं-जुनं एकमेकांत गुंतत नाही. 18 फूट म्हणजे साधारण 132 घनफूट काम, दगड बहुतेक जुनाच पुरेल. काढताना मोठे, तोंडाचे आणि कपच्या असे तीन ढीग वेगळे ठेवा. हात घालण्याआधी प्रत्येक दगड पहारीने हलवा, गडग्यात फुरसं (विषारी साप) असतं.

पाया कातळावर किंवा घट्ट मुरमावर, काँक्रीट नको. दोन्ही तोंडांना, म्हणजे गडग्याच्या दोन्ही दर्शनी बाजूंना, दोरी लावा. प्रत्येक तोंड फुटाला 1 इंच आत घ्या, म्हणजे 24 इंचांचे माथ्यावर बरोबर 15 होतात. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जायला हवी. दिसायला बरं म्हणून लांबी तोंडाशी आडवी लावतात, तिथेच पुढचा फुगवटा ठरतो. खालची दरज वरच्या दगडाने झाकली गेली पाहिजे. दोन-सव्वादोन फुटांवर, दर 3 फुटांना एक दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार. पोटात कपच्या हाताने ठासून बसवा. माती भरलीत तर पहिल्या दोन पावसांत वाहून जाईल आणि पोट रिकामं होईल. माथ्याला सगळ्यांत जड दगड.

मागची माती फूटभर मागे घेऊन त्या जागी कपच्या भरा, आणि उताराच्या वरच्या अंगाला 4-5 फुटांवर पाणी बाजूला काढणारा चर. काम दिवाळीनंतर धरा, मृगाच्या आत संपवा.

चुनेगच्ची
उंबराबद्दल: उतरवलेल्या भागातलं मूळ पूर्ण काढा. उभ्या गडग्यातलं मात्र ओढू नका, दगड सुटतात. बुंधा कापून त्याच क्षणी कापावर तणनाशक लावा.

खांबांना सिमेंट नकोच. चिऱ्यापेक्षा ते कठीण, ओल दरजेतून बाहेर पडत नाही, मग चिराच झडतो आणि सिमेंटची जाळी तेवढी उभी राहते. सैल चुना इंचभर खोल खरवडा, पाणी मारा, 1 भाग चुना आणि 3 भाग नदीची वाळू. वाळूतली थोडी कमी करून विटांची सुरखी (भुकटी) घातली तर पावसाला टिकतो. खाडीची किंवा समुद्राची वाळू नको, क्षार फुटून येतात. नंतर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. उन्हात भराभर वाळलेला चुना बोटाने भुगा होतो.

एखादा चिरा बदलायचा तर पांढरट मातीचे डाग असलेला घेऊ नका. खाणीतून ताजा आलेला मऊ असतो, वाऱ्यावर ठेवला की कडक होतो. लगेच लावू नका.

बागायत_गुहागर
बाकीच्या गडग्यावर अजून थोडं सिमेंट आहे. तेही काढू?

कातळसडा
सैल झालेलं काढा. घट्ट बसलेलं छिन्नीने उखडाल तर दगडाचं तोंड जाईल. तिथे बुडाजवळच्या दरजा तेवढ्या मोकळ्या करा, पाण्याला वाट मिळाली की पुरे.