सरकारी दूताचं देणं वारसांना ५३ वर्षांनी: बरोबर की चूक?

गोदाकाठ (नांदेड): सायलस डीनचं प्रकरण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. १७७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं त्याला व्यापारी म्हणून फ्रान्सला धाडलं. खरं काम इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी बंदुका, दारूगोळा, कपडे मिळवायचं. फ्रेंच नाटककार बोमार्शेच्या मदतीनं त्यानं माल पाठवला, १७७८ च्या फ्रान्सबरोबरच्या तहावर सही केली. त्यानंतर परत बोलावून हिशेब मागितला, आणि कागद तर पॅरिसलाच राहिलेले! त्यात त्याचं देणं अडकलं. १७८९ मध्ये मायदेशी निघालेला तो जहाजावरच वारला. १८४२ मध्ये काँग्रेसनं त्याच्या हिशेबाची जुनी तपासणी अन्यायाची ठरवून वारसांना ३७,००० डॉलर दिले. ज्याला सरकारनं काम सांगितलं, त्याचं देणं मुदतबाह्य होता कामा नये.

परभणीकर: नाही पटत. पावती नसताना लोकांचा पैसा द्यायचा कशाच्या जोरावर? आपल्या उमरीची बँक जानेवारी १९४८ मध्ये लुटली ती निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी, तरी पैशाचा हिशेब ठेवला गेला. डीन तर सरकारी कामासोबत स्वतःचा व्यापारही करत होता. शिवाय १७८१ ची पत्रं आहेतच, इंग्रजांशी जुळवून घ्या म्हणणारी.

गोदाकाठ: पत्रं १७८१ ची, काम १७७८ ला संपलेलं. नंतर मत फिरलं म्हणून आधीची मजुरी बुडवायची? उमरीवाल्यांभोवती सोबती होते. डीन सुरुवातीला परमुलखात एकटा, तोही गुप्तपणे. गुप्त कामाच्या पक्क्या पावत्या कोण फाडतो?

लातूरची लेक: दादा, हे आमच्या घरात घडलंय. आजोबा मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. भूमिगत, त्यामुळे जेलचा दाखला नाही. सोबत्यांची प्रमाणपत्रं जोडली. आजी ती साखरेच्या पिशवीत घालून कचेरीत न्यायची. घडीवर कागद फाटले तेव्हा मागून कॅलेंडरचं पान चिकटवलं. पेन्शन मंजूर झाली तेव्हा आजोबा नव्हते. वारसाला पैसे मिळतात, माणसाचा मान राहतो तो राहतोच.

परभणीकर: ताई, आजींबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण बीडची बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, ती अशाच प्रमाणपत्रांवरून. चाळणी सैल केली की खऱ्याच्या ताटातलं खोटा खातो.

गोदाकाठ: चाळणी लावा ना! पण डीनला वर्षानुवर्षं ना हो म्हटलं, ना नाही. अर्जदाराला मुदत असते तशी निकाल देणाऱ्यालाही हवी.

परभणीकर: मुदतीला माझी ना नाही. पुरावा मात्र अर्जदारानंच आणायचा, तिथं मी हटणार नाही.

लातूरची लेक: आणि तो पुरावा सरकारच्याच दप्तरात पडलेला असेल तर?