हिरड्यांतून रक्त आणि मधुमेह, संबंध आहे का?

प्रश्न: मधुमेह असताना ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. दोन्हींचा संबंध असतो का?

उत्तर १: असतो, तोही दोन्ही बाजूंनी. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो. आणि हिरड्यांची सूज टिकून राहिली की इन्सुलिनचा परिणाम घटतो, साखर आटोक्यात येत नाही. दातांच्या डॉक्टरांना एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) जरूर सांगा.

उत्तर २: रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका, जंतूंचा थर तिथेच साचतो. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरका धरा, हलक्या हाताने २ मिनिटं, दिवसातून दोनदा. दातांच्या फटींत फ्लॉस, म्हणजे सफाईचा बारीक दोरा.

उत्तर ३: थर कडक होऊन कीटण झालं की ब्रशने निघत नाही, स्केलिंगच (डॉक्टरांकडून दातांची सफाई) लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.