थायरोग्लोब्युलिन थोडं वाढलं म्हणून

ताई, थायरॉईड कॅन्सरच्या उपचारानंतर रक्तात तपासतात ते थायरोग्लोब्युलिन ०.२ चं ०.५ झालं आणि तेव्हापासून झोप उडाली असं तुम्ही लिहिलंत, म्हणून लगेच लिहायला बसले. माझाही थायरॉईडचा पॅपिलरी प्रकारचाच कॅन्सर. २०१९ मध्ये पूर्ण ग्रंथी काढली, मग उरलेल्या थायरॉईड पेशी नष्ट करायला रेडिओआयोडीन. रिपोर्टच्या आधीचा आठवडा मला अजूनही जड जातो. रात्री हात आपोआप गळ्याकडे जातो, गाठ चाचपत राहते.

या वेळी लॅब बदलली होती का? लॅब बदलली की पद्धत बदलते, आकडाही बदलू शकतो. सोबतचा टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) पाहा. तो वाढला असेल तर थायरोग्लोब्युलिनही वाढू शकतं. रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी असतील तर उलट ते खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर न थांबता पुढच्या तपासण्यांचा कल आणि मानेची सोनोग्राफी बघतात.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेता ना? कॅल्शियम चालू असेल तर मध्ये ४ तास जाऊ द्या. मी कित्येक महिने दोन्ही एकदम घेत होते, कोणी सांगितलंच नव्हतं!

भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, घरचं कुणी सोबत असू द्या. सोनोग्राफी झाली की कळवा, मी वाट बघतेय.