टंगस्टन सोडून फ्युजनच्या भिंतीला पातळ लिथियम कशाला?

उद्यमबाग_पोरगं:
नमस्कार मंडळी, बेळगावातच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला टोकामाक घेतलोय, म्हणजे लई तापलेला वायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्रात कोंडून फ्युजन करायचं यंत्र. एक गोष्ट डोक्यात शिरंना झालीय. डायव्हर्टरवर (प्लाझ्मातनं बाहेर पडणारी उष्णता झेलणारा भिंतीचा भाग) दर चौरस मीटरला १० मेगावॅटच्या आसपास उष्णता येते, मग तिथं ३४२२ डिग्रीला वितळणारा टंगस्टन लावतात हे पटतंय. पण काही जण म्हणालेत लिथियम नाहीतर कथिल लावा, तेबी वितळवून पातळ करून! लिथियम १८० ला आणि कथिल २३२ ला वितळतंय की. हे उलटं नाही काय? गाईडना विचारलो तर गूगल कर म्हणाले.

निपाणीची_ताई:
अरे जे आधीच पातळ आहे ते आणि काय वितळणार? टंगस्टनचं दुखणं वेगळंच आहे. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं तो ठिसूळ होतो, उष्णतेचे झटके बसून भेगा पडतात, हेलियम आत शिरून पृष्ठभागावर बारीक तंतूंची लव उगवते, आणि त्याचे अणू थोडे जरी प्लाझ्मात गेले तरी क्ष-किरणांतून ऊर्जा बाहेर टाकून प्लाझ्मा थंड करतात, अणुक्रमांक ७४ आहे ना. लिथियमचा फक्त ३, त्यामुळं तेवढा त्रास नाही. आणि पातळ पृष्ठभागाला भेग कुठली पडणार, झिजला की मागनं नवा माल येतो. शिवाय लिथियम हायड्रोजन शोषून घेतं, म्हणून भिंतीवर आपटलेला वायू थंड होऊन परत प्लाझ्मात शिरत नाही. प्रिन्स्टनच्या एलटीएक्स टोकामाकवर तर मध्यापासून कडेपर्यंत तापमान जवळजवळ सारखं मिळालं, २०१७ ला छापून आलंय.

भट्टीवाले_काका:
पोरा, इंडक्शन फर्नेस चालू असताना वरनं बघितलास काय कधी? रस मधोमध फुगून वर येतो, कोण ढवळत नसतंय तरी आपोआप घुसळतोय. करंट आणि चुंबकीय क्षेत्र एकत्र आलं की धातूवर बल आलंच. इटरमध्ये (फ्रान्समधला मोठा टोकामाक) क्षेत्र ५.३ टेस्ला, त्यात वाहता धातू आडवा गेला की त्याच्यातच करंट तयार होऊन तोच त्याला मागं ओढणार. वर प्लाझ्मा मधेच कोसळला तर करंट भिंतीत घुसतो आणि थेंब उडालेच म्हणून समज. भिंतीवरनं धातूचा जाड पडदा वाहता सोडायचा हे कागदावर झकास दिसतंय, पण मला तरी अवघड वाटतंय.

निपाणीची_ताई:
म्हणून तर जाळी वापरतात काका. टंगस्टनची किंवा स्टीलची बारीक छिद्रांची जाळी, पृष्ठताण धातूला त्यातच धरून ठेवतो. रशियात टी-११एम टोकामाकवर हे केलं, इटलीत फ्रास्काटीच्या एफटीयू टोकामाकवर आधी लिथियम मग कथिल असं दोन्ही लावून बघितलं. पण धातू जाळीला धरला पाहिजे, नाहीतर काय उपयोग नाही. आपल्याकडं कल्हई करताना भांडं तापवून नवसागर मारल्याशिवाय कथिल चिकटतंय काय, तसंच, पृष्ठभाग स्वच्छ नसला की नुसते गोळे होतात.

खानापूर_फिजिक्स:
लिथियमची खरी गोची ट्रिशियमची (जड हायड्रोजन, फ्युजनचं इंधन) आहे बघ. हायड्रोजन शोषतं हा गुण म्हणालात, तोच दोष. ट्रिशियम दुर्मिळ, किरणोत्सारी, अर्धायुष्य १२.३ वर्षं, तो भिंतीतच अडकून बसला तर इंधन कुठनं आणायचं? तो सतत काढून घ्यायची सोय करावी लागणार. शिवाय ४५० डिग्रीच्या वर लिथियमची वाफ लई होते. कथिल ट्रिशियम फारसं धरत नाही आणि जास्त तापमानाला टिकतं, पण अणुक्रमांक ५०, म्हणजे प्लाझ्मात गेलं की वांधे. माझं मत कथिलाकडं झुकतंय, ताईंचं लिथियमकडं दिसतंय 🙂

उद्यमबाग_पोरगं:
सगळ्यांना थँक्स, लई क्लिअर झालं. अजून एकच, जाळीच्या मागं थंड करायला पाणी चालतंय काय?

भट्टीवाले_काका:
लिथियमच्या मागं पाणी नको रे बाबा! पाइप फुटली तर लिथियम आणि पाण्यातनं हायड्रोजन आणि उष्णता दोन्ही एकदम निघणार. हेलियम वायू वापर म्हणून लिही. कथिल घेतलास तर पाण्याचा विचार करता येतोय.